शेवटचे तारण : किडनीची विक्री, कर्ज आणि कायदा

विदर्भात किडनी विकल्याचे एखादे प्रकरण उघडकीस आले की दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले मत मोठ्या आवाजातले : दलालांना आणि डॉक्टरांना तुरुंगात टाका. दुसरे जरा दबक्या आवाजातले : विकणारा राजी, घेणारा राजी, एकाचे कर्ज फिटते, दुसऱ्याचा जीव वाचतो, मग सरकारने मध्ये पडावे कशाला? नियम करा, दर ठरवा आणि उघड विक्री होऊ द्या. दुसरे मत मांडणारे सगळेच निर्दय असतात असे नाही. डायलिसिसच्या खाटेवर आठवड्यातून दोन-तीन वेळा पडून राहणाऱ्या माणसाच्या घरचे लोकही तेच म्हणतात. म्हणून ते मत उडवून न लावता तपासले पाहिजे.

हा प्रश्न आपल्याकडे वैद्यकीय नीतीचा म्हणून मांडला जातो. महाराष्ट्रातल्या घटना तारीखवार लावून पाहिल्या, तर त्याचे दुसरे मूळ सापडते, ते म्हणजे सावकारी. किडनीच्या बाजाराचा इतिहास शस्त्रक्रियेच्या इतिहासाइतकाच कर्जाच्या इतिहासाचाही भाग आहे. त्या बाजूने पाहिले की विक्रीला परवानगी द्यावी की नाही, याचे उत्तरही बरेच स्पष्ट होते.

मुंबईचा बाजार

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९६५ साली मृत व्यक्तीची किडनी बसवण्याचा प्रयत्न झाला. जिवंत दात्याकडून घेतलेल्या किडनीचे यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरला झाले. त्या काळात परक्या माणसाची किडनी शरीर सहसा स्वीकारत नसे. त्यामुळे दाता म्हणजे आई, बाप, भाऊ किंवा बहीण. नात्याबाहेर जाण्याची वाटच जवळजवळ बंद होती.

ती वाट सायक्लोस्पोरिन या औषधाने उघडली. परका अवयव नाकारण्याची शरीराची प्रवृत्ती हे औषध दाबून ठेवते. १९८० च्या दशकात ते वापरात आले आणि अनोळखी माणसाची किडनीही उपयोगी पडू लागली. जी वस्तू नात्यात मागावी लागत होती, ती विकत मिळू लागली. अमेरिकेत १९८३ साली बॅरी जेकब्स नावाच्या डॉक्टरने गरीब देशांतील लोकांकडून किडन्या विकत घेण्याची योजना मांडली. त्यावर गदारोळ झाला आणि १९८४ मध्ये तिथे अवयवविक्रीवर बंदी आली. आपल्याकडे असा कायदा नव्हता. मुंबई आणि मद्रास ही या व्यवहाराची मोठी केंद्रे बनली आणि आखाती देशांतले रुग्ण मुंबईला येऊ लागले.

या बाजारात घेणाऱ्याचेही भले झाले असे नाही. संयुक्त अरब अमिराती आणि ओमानमधून मुंबईला येऊन किडनी विकत घेतलेल्या सुमारे १३० रुग्णांचा अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांतले जवळपास एक पंचमांश रुग्ण वर्षभरात दगावले होते. काहींना एच.आय.व्ही.ची लागण झाली होती. पैशाच्या घाईत दात्याची नीट तपासणी होत नव्हती, हे त्यामागचे एक उघड कारण.

पुढे मेंदूमृत अवस्थेला कायदेशीर मान्यता द्यावी का, याचा विचार लक्ष्मीमल्ल सिंघवी समितीने केला. आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून संसदेला कायदा करायचा तर राज्यांनी ठराव करून तशी विनंती करणे आवश्यक होते. असा ठराव करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. सोबत गोवा आणि हिमाचल प्रदेश. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून या तीन राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. ज्या राज्यात बाजार भरला होता, त्याच राज्याने तो बंद करण्याची मागणी केली, ही गोष्ट आपण विसरू नये.

शिंगणापूरचे ‘विक्री केंद्र’

कायदा होऊन दहा वर्षे उलटली आणि विषय विदर्भात आला, तोही वेगळ्याच रूपात. कापसाच्या एकाधिकार खरेदीतला आगाऊ बोनस सरकारने २००५ मध्ये थांबवला. भाव कोसळला, बँकेचे दार आधीच बंद होते, उरला सावकार. वर्धा जिल्ह्यातल्या दोरली गावाने ‘गाव विकणे आहे’ असे जाहीर केले. पाठोपाठ २००६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शिंगणापूरच्या शेतकऱ्यांनी ‘किडनी विक्री केंद्र’ उघडले आणि उद्घाटनाला राष्ट्रपती व पंतप्रधानांना बोलावले.

ते आंदोलन होते, दुकान नव्हते. पण निषेधासाठी गावकऱ्यांनी निवडलेली वस्तू पाहा. जमीन गहाण पडलेली, बैल विकलेले, दागिने सोनाराकडे. यादी संपल्यावर जे उरते, ते त्यांनी फलकावर लिहिले. पंतप्रधान मनमोहनसिंग त्याच वर्षी जूनअखेरीस विदर्भात आले आणि पॅकेज जाहीर झाले. सावकाराचे कर्ज मात्र त्या पॅकेजच्या हिशेबात नव्हते.

२०१५ च्या डिसेंबरात अकोल्यात हीच गोष्ट आंदोलन म्हणून नव्हे, तर पोलीस तक्रार म्हणून पुढे आली. कर्जबाजारी गरिबांना हेरून किडनी विकायला लावल्याचे आणि काही शस्त्रक्रिया श्रीलंकेत झाल्याचे तपासात समोर आले. २०२५ च्या डिसेंबरात चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने सावकाराच्या तगाद्यापायी कंबोडियात जाऊन किडनी विकल्याची तक्रार केली. देश बदलले, दलाल बदलले. सुरुवात दोन्ही ठिकाणी कर्जाच्या वहीतच झाली.

परवानगी मागणाऱ्यांचे म्हणणे

आता विरुद्ध बाजू तिच्या पूर्ण जोरासह मांडू. मद्रासचे प्रत्यारोपण शल्यचिकित्सक डॉ. के. सी. रेड्डी यांनी १९८० च्या दशकाअखेर ‘मोबदल्यासह दान’ अशी कल्पना मांडली होती. दात्याला ठरलेली रक्कम आणि पुढची काळजी मिळावी, दलाल बाजूला व्हावा, असा तिचा रोख. ब्रिटिश तत्त्वचिंतक जॅनेट रॅडक्लिफ-रिचर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये विचारले की, गरिबापुढे आधीच थोडे पर्याय असताना त्यांतला आणखी एक काढून घेण्याने त्याचे भले कसे होते? बंदीने त्याची गरिबी तर जात नाही.

याच्या जोडीला एक मुद्दा आपल्याकडे वारंवार येतो आणि तो खरोखर टोचणारा आहे. प्रत्यारोपणात शल्यचिकित्सकाला पैसे मिळतात, रुग्णालयाला मिळतात, औषध कंपनीला मिळतात. फुकट द्यायचे ते फक्त किडनी देणाऱ्याने. त्यागाचा उपदेश त्यालाच का? दधीची ऋषींची कथा अवयवदानाच्या कार्यक्रमांत नेहमी सांगतात. पण दधीचींच्या दाराशी सावकार बसलेला नव्हता.

या युक्तिवादांना अनुभवाने काय उत्तर दिले? इराणने १९८८ पासून किडनीची विक्री सरकारी देखरेखीखाली चालू ठेवली. प्रतीक्षायादी घटली, हे तिथल्या व्यवस्थेचे यश म्हणून सांगितले जाते. पण कर्मानशाह शहरात किडनी विकलेल्या ३०० जणांची पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या बहुतेकांनी, पुन्हा वेळ आली तर आपण हे करणार नाही, असे सांगितले. म्हणजे दलाल हटवून, कायद्याच्या छत्राखाली विक्री झाली तरी विकणाऱ्याचा पश्चात्ताप हटला नाही.

चेन्नईत फेब्रुवारी २००१ मध्ये किडनी विकलेल्या ३०५ जणांची पाहणी झाली. ती पुढच्या वर्षी अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापून आली. ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी किडनी विकली होती. विक्रीनंतर त्यांच्या कुटुंबाचे सरासरी उत्पन्न एक तृतीयांशाने घटले. ज्यांनी कर्जासाठी विकली, त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश पाहणीच्या वेळीही कर्जातच होते. ८६ टक्के लोकांनी तब्येत बिघडल्याचे सांगितले. विकणाऱ्यांत ७१ टक्के स्त्रिया होत्या. ‘एकाचे कर्ज फिटते’ हे दुसऱ्या मताचे अर्धे वाक्य इथेच गळून पडते.

देह तारण ठेवण्याचा इतिहास

कर्जदाराचा देह सावकाराच्या हाती जाणे ही महाराष्ट्रात नवी गोष्ट नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि उठाव पुढे नगर जिल्ह्यात पसरला. लोकांचा राग प्रामुख्याने कर्जखतांवर होता. खते हिसकावून ती जाळली गेली. त्या काळी पैशाचा हुकूमनामा मिळाला की सावकार ऋणकोला अटक करवून दिवाणी तुरुंगात धाडू शकत असे. तुरुंगाची धास्ती दाखवून वाढीव रकमेचे नवे खत लिहून घेता येई.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्याने ही अटक बंद केली. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. कायद्याने कर्ज बुडवले नाही. कर्जासाठी काय काय ओढून नेता येते, त्या यादीतून शेतकऱ्याचा देह वगळला. १९३३ मध्ये आपल्या मध्य प्रांतातही कर्ज तडजोडीचा कायदा झाला. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी संपुष्टात आणली. आगाऊ पैसे घेऊन माणूस ‘राजीखुशीने’ बांधील झाला असला, तरी तो करार कायद्याने शून्य ठरवला. दोन्ही बाजू राजी आहेत एवढ्याने व्यवहार योग्य होतो, ही समजूत आपल्या कायद्याने तेव्हाच नाकारली आहे.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ मधले कलम ६० या दृष्टीने मुद्दाम पाहावे. हुकूमनाम्याच्या वसुलीत काय जप्त करता येत नाही, याची यादी त्यात आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. कारागिराची हत्यारे. शेतकऱ्याची अवजारे, गरजेपुरते बैल आणि बियाणे. कर्ज कितीही असो, या वस्तूंना हात लावायचा नाही. मंगळसूत्र आणि बियाणे जिथे वाचते, तिथे किडनी कशी मोकळी सोडता येईल? ती या यादीत लिहिलेली नाही, कारण १९०८ साली ती कोणी ओढून नेईल असे कोणाच्या मनातही नव्हते.

आता विक्री कायदेशीर झाली असे समजा. दर जाहीर आहे, केंद्र सरकारमान्य आहे. त्या दिवसापासून प्रत्येक कर्जदाराकडे एक विकण्याजोगी मालमत्ता आहे, हे सावकारालाही ठाऊक असेल. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी १९९० च्या दशकाअखेर चेन्नईतल्या किडनी विकणाऱ्या वस्त्यांबद्दल हेच नोंदवले : विक्री सर्रास झालेल्या भागात सावकार अधिक आक्रमक झाले आणि किडनी जणू तारण धरूनच कर्ज दिले जाऊ लागले. रॅडक्लिफ-रिचर्ड्स ज्याला गरिबाचा पर्याय म्हणतात, तो काही काळाने सावकाराचा पर्याय होतो. आज कर्जदार निदान ‘कायदा नाही म्हणतो’ असे तरी म्हणू शकतो. परवानगी दिली की त्याच्या तोंडचा तो नकार जातो. मग उरतो एकच प्रश्न : अजून विकली का नाहीस?

बंदी आहे, पण अपुरी

याचा अर्थ आजचा कायदा जसा आहे तसा चांगला, असा नाही. त्याच्या कलम १९ मध्ये पैसे देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत. २०११ च्या दुरुस्तीने शिक्षा पाच ते दहा वर्षे आणि दंड वीस लाख ते एक कोटी रुपये इतका केला; ही दुरुस्ती महाराष्ट्रानेही पुढे स्वीकारली. हाच बडगा ज्याची किडनी गेली त्याच्यावरही उगारता येतो. मग तो तक्रारीला पुढे येणार कसा? दलालाला याहून भक्कम संरक्षण कोणते? १८७९ च्या कायद्याने सावकाराचा हात धरला, शेतकऱ्याला शिक्षा केली नाही. किडनी विकावी लागलेल्या माणसाला आरोपीऐवजी पीडित समजण्याची दुरुस्ती इथेही हवी.

दुसरी गोष्ट, ‘देणाऱ्यालाच काही नाही’ या तक्रारीला कायद्यात जागा आहे, पण ती क्वचित सांगितली जाते. दात्याचा खर्च आणि त्याची बुडालेली कमाई भरून देणे, याला कायदा ‘मोबदला’ म्हणत नाही. नातेवाइकाला किडनी देणाऱ्या मजुराला दोन-तीन महिन्यांची मजुरी आणि पुढे आयुष्यभर तपासणी सरकारी खर्चाने मिळाली, तर ती किंमत होत नाही, भरपाई होते.

तिसरी गोष्ट नागपूरची. मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचे वाटप करणारे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र इथे आहे. शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात २०१६ पासून किडनी प्रत्यारोपण होते. रस्ता मोकळा करून अवयव विमानतळावर नेल्याच्या बातम्या आपण वाचतो. मृत दात्यांकडून मिळणारी प्रत्येक किडनी दलालाचे एक गिऱ्हाईक कमी करते. हे काम वाढवायला विक्रीची परवानगी लागत नाही. अतिदक्षता विभागात वेळेवर मेंदूमृत घोषित करणारे डॉक्टर आणि नातेवाइकांशी नीट बोलणारे समन्वयक लागतात.

आणि चौथी गोष्ट सर्वांत जुनी. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातली न्यायालये हिंदू कायद्याचा भाग म्हणून पाळत. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात तो आला आणि २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यातही आहे. तो विदर्भातल्या एकेका तालुक्यात खरोखर पाळला गेला, तर किडनीपर्यंत पोहोचणारी किती कर्जे वाटेतच थांबतील, याचा हिशेब अवयव प्रत्यारोपणाच्या कोणत्याही समितीने मांडलेला माझ्या वाचनात नाही. तो त्यांच्या खात्याचा विषय नाही, असे उत्तर मिळेल. शिंगणापूरच्या शेतकऱ्यांनी वीस वर्षांपूर्वी एका फलकावर ही दोन्ही खाती एकत्र आणली होती. विक्रीच्या परवानगीची चर्चा करण्याआधी सरकारने तेवढे तरी करावे.