बीजांडकोशातील दूत

खोंड खच्ची केला की त्याचा बैल होतो आणि अंगलटीबरोबर त्याचा स्वभावही पालटतो, हे शेतकऱ्याला शास्त्राच्या जन्माआधीपासून ठाऊक आहे. नराच्या देहावर सत्ता चालविणारी इंद्रिये अशी डोळ्यांसमोर होती. मादीचे बीजांडकोश मात्र पोटात दडलेले. त्यांचा कारभार उलगडण्यास एकोणिसावे शतक सरत यावे लागले. तोवर वैद्यांचा सर्वसाधारण समज असा, की बीजांडकोश गर्भाशयाला आपले निरोप मज्जातंतूंकरवी धाडतात.

१८९६ साली व्हिएन्ना येथील एमिल क्नाउअर याच्या प्रयोगांनी या समजाला धक्का दिला. सशाच्या मादीचे बीजांडकोश काढले की तिचा गर्भाशय आक्रसू लागे. क्नाउअरने ते काढून त्याच मादीच्या शरीरात दुसऱ्या जागी बसविले. जुने मज्जातंतू सारे तुटलेले. तरीही गर्भाशय आक्रसला नाही! निरोप रक्तातून जात होता, आणि तो नेणारा कोणी द्रव्यरूप दूतच असला पाहिजे.

पण हा दूत ओळखावा कसा? त्यासाठी कसोटी हवी होती. ती १९१७ साली स्टॉकार्ड आणि पापानिकोलाउ यांनी दिली. गिनीपिगच्या योनिमार्गातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मादी माजावर आहे की नाही, हे ते सांगू शकत. पुढच्या साऱ्या यशाचा पाया या साध्या युक्तीत आहे. १९२३ साली अमेरिकेतील सेंट लुई शहरी एडगर ॲलन व एडवर्ड डॉइझी यांनी डुकरिणींच्या बीजांडकोशांतील पुटकांचा द्रव, बीजांडकोश काढलेल्या उंदरांच्या माद्यांना टोचला. त्या माजावर आल्या. दूत हाती लागला.

त्याचे नावही या कसोटीवरूनच पडले. ग्रीक भाषेत ‘ऑइस्ट्रॉस’ म्हणजे जनावरांना डसून उधळविणारी गोमाशी. तिच्यावरून माजाला ‘इस्ट्रस’ आणि माज उत्पन्न करणारे ते ‘इस्ट्रोजेन’. जेथे ते प्रथम दिसले, तेवढेच त्याचे कार्य, असे मानण्याची वाट या नावाने मोकळी करून दिली.

द्रव्य शुद्ध करणे हे मोठे कष्टाचे काम होते. गर्भवती स्त्रियांच्या मूत्रात ते विपुल असते, असे १९२७ साली बर्लिनच्या आशहाइम व झोंडेक यांनी दाखविले, आणि १९२९ साली डॉइझी व जर्मनीतील बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे त्याचे स्फटिक मिळविले. सर्वांत प्रभावी प्रकार, इस्ट्राडिओल, डॉइझीने थेट बीजांडकोशातून काढला, तेव्हा सुमारे चार टन बीजांडकोशांतून हाती आले अवघे बारा मिलिग्रॅम!

हिटलरच्या राजवटीत ज्यू असल्यामुळे झोंडेकला देश सोडावा लागला. बुटेनांटला १९३९ चे नोबेल पारितोषिक त्याच राजवटीने स्वीकारू दिले नाही. परागंदा झोंडेकने १९३४ साली एक विलक्षण गोष्ट जाहीर केली: या ‘स्त्री-द्रव्या’चा अतिशय समृद्ध साठा त्याला सापडला होता तो वळूघोड्याच्या मूत्रात.

या कोड्याचे उत्तर पुढे मिळत गेले. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरोनचा काही अंश इस्ट्रोजेनमध्ये पालटतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटले की स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात, हे फुलर आल्ब्राइट याने १९४० च्या सुमारास सांगितले होते; परंतु पुरुषाच्या हाडांचा रक्षक टेस्टोस्टेरोनच, हा समज टिकून राहिला. १९९४ साली अठ्ठावीस वर्षांच्या एका पुरुषाची हकिकत प्रसिद्ध झाली. टेस्टोस्टेरोन पुरेसे, इस्ट्रोजेनही रक्तात भरपूर; पण ते ग्रहण करणारे पेशींतील प्रथिन जन्मतः सदोष. त्याची हाडे विरळ झालेली होती, आणि उंची २०४ सेंटिमीटर होऊनही वाढ थांबली नव्हती. त्याला इस्ट्रोजेन देऊन पाहिले, त्याचा उपयोग झाला नाही. १९९७ साली दुसऱ्या एका पुरुषाची हकिकत आली. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेन तयारच होत नव्हते. टेस्टोस्टेरोन देऊनही त्याच्या हाडांत फरक पडला नाही. मग इस्ट्राडिओल सुरू केले. हाडांची टोके सांधली गेली, आणि ती भरू लागली.