एका राजीनाम्याचा मागोवा

१५ मार्च २००१ रोजी संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी राजीनामा दिला. दोनच दिवसांपूर्वी ‘तहलका’ या वृत्तसंकेतस्थळाने छुप्या कॅमेऱ्याने टिपलेलं चित्रण जगापुढे आणलं होतं. शस्त्रखरेदीचे दलाल म्हणून आलेले पत्रकार थेट जॉर्जच्या सरकारी घरात, त्यांच्याच समता पक्षाच्या अध्यक्ष जया जेटलींपर्यंत पोचले होते.

या राजीनाम्याचं वजन कळायचं तर मुंबईच्या गोदीपर्यंत मागे जावं लागतं. पाद्री होण्याचं शिक्षण सोडून मंगळूरचा हा तरुण मुंबईत आला, चौपाटीच्या बाकांवर झोपला. कामगार नेते पी. डिमेलोंच्या हाताखाली त्यांनी गोदी कामगारांत काम केलं. पुढे टॅक्सीवाले आणि महापालिकेचे कामगार संघटित केले. त्यांच्या एका हाकेवर शहर थांबू लागलं, तेव्हा लोक त्यांना ‘बंदसम्राट’ म्हणू लागले. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांनी दक्षिण मुंबईत काँग्रेसचे दिग्गज स. का. पाटलांना पाडलं. १९७४ चा देशव्यापी रेल्वे संप, आणीबाणीतला बडोदा डायनामाइट खटला, १९७७ मध्ये तुरुंगातून जिंकलेलं मुझफ्फरपूर, या सगळ्यामागे एकच बळ होतं: सत्तेला हिशेब मागणारा माणूस, ही ओळख.

या ओळखीला पहिला तडा १९७९ मध्ये गेला. लोकसभेत मोरारजी देसाई सरकारची जोरदार बाजू मांडणारे जॉर्ज लगेचच त्या सरकारातून बाहेर पडले. पुढे रेल्वेमंत्री म्हणून त्यांनी कोकण रेल्वेला गती दिली, आणि कोकण ते ऋण आजही मानतो.

२००१ चा राजीनामा मात्र सात महिनेच टिकला. तहलका प्रकरणाच्या चौकशी आयोगाचं काम चालू असतानाच, ऑक्टोबरमध्ये ते मंत्रिपदावर परतले. विरोधकांनी संसदेत त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यातच कारगिल युद्धातील जवानांसाठीच्या शवपेट्यांच्या खरेदीत गैरव्यवहाराचा आरोप आला. तो अन्यायाचा ठरला: सीबीआयच्या आरोपपत्रात त्यांचं नाव नव्हतं, आणि २०१३ मध्ये इतर आरोपीही दोषमुक्त झाले. पण तोवर संशय जनमानसात मुरला होता.

माझ्या मते जॉर्जची चूक पैशाची नव्हती, घाईची होती. आयुष्यभर इतरांना हिशेब विचारणाऱ्याने स्वतःचा हिशेब पूर्ण होईपर्यंत बाहेर थांबायला हवं होतं. २९ जानेवारी २०१९ रोजी ते गेले. तहलका प्रकरणी जेटलींना विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावली ती २०२० मध्ये. तिला उच्च न्यायालयाने त्याच दिवशी स्थगिती दिली.