जयपूरचा गेरू आणि राज्याचा दगड

खनिज, रत्न किंवा खडक यांना राज्याचे अधिकृत प्रतीक ठरवण्याची प्रथा मुख्यतः अमेरिकेच्या घटकराज्यांत विसाव्या शतकात रुजली. कॅलिफोर्नियाने १९६५ साली सोन्याला राज्याचे खनिज आणि सर्पेंटाइन या हिरवट खडकाला राज्याचा खडक म्हणून कायद्याने मान्यता दिली. फ्लोरिडाने १९७० मध्ये चांद्रमोहिमेच्या गौरवासाठी चंद्रकांत मणी निवडला, आणि तोही त्या राज्याच्या भूमीत सापडत नसताना. राजस्थानाच्या प्रतीकांत माळढोक, खेजडी आणि रोहिडा आहेत, दगड नाही. तरीही राजाज्ञेने एका खनिजाला नगराची ओळख बनवण्याचे भारतातील ठळक उदाहरण त्याच राज्याच्या राजधानीत आहे.

सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये जयपूर वसवले. सवाई रामसिंह (दुसरे) यांच्या कारकिर्दीत, १८७६ साली इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी, शहर एका रंगात रंगवले गेले आणि पुढे तोच रंग परकोट्यातील, म्हणजे तटबंदीच्या आतील, इमारतींना बंधनकारक झाला. हा रंग गेरूचा. गेरू म्हणजे लोहाच्या ऑक्साइडमुळे, प्रामुख्याने हेमॅटाइट या खनिजामुळे, तांबूस झालेली माती; महाराष्ट्रात तुळशीवृंदावनाला आणि घराच्या उंबऱ्याला जिचा हात फिरतो, तीच. ती कुटून, वस्त्रगाळ करून कालवलेल्या चुन्यात मिसळली, की चुन्याच्या प्रमाणानुसार विटकरीपासून फिक्या गुलाबीपर्यंत छटा मिळतात. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा घट्ट होतो आणि गेरूचे कण त्यात अडकून बसतात; शिवाय लोहाचे हे संयुग उन्हाने सहसा विटत नाही व चुन्याच्या दाहकतेनेही बिघडत नाही, म्हणून राजस्थानच्या कडक उन्हात ही निवड शोभेइतकीच शहाणपणाचीही होती. या पृष्ठभागावर पांढऱ्या चुन्याने ओढलेल्या रेघा आणि वेलबुट्टी आजही कमानींभोवती दिसतात.

परकोट्याच्या दक्षिणेकडे, फाळणीनंतर पंजाबी व सिंधी निर्वासितांच्या वस्तीने घडलेल्या राजा पार्कात घरे मनाजोग्या रंगांत उभी आहेत. गेरूचा दंडक किती नेमका तटाच्या आतल्या नगराशी बांधलेला होता, हे तिथल्या भिंती पाहिल्या की कळते. पण ‘गुलाबी शहर’ हे नाव राजा पार्कासह साऱ्या जयपूरला मिळाले, यातच त्या खनिजाचे खरे यश आहे.

राजस्थानाप्रमाणेच महाराष्ट्रानेही प्रतीके म्हणून सजीवच निवडले: शेकरू, हरियाल, आंबा आणि ताम्हण. मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, वेरूळचे कैलास लेणे ज्यातून कोरले गेले आणि सह्याद्रीचे गड ज्यावर उभे राहिले, तो काळा बसाल्ट या यादीत नाही. प्रतीकाची योग्यता त्या भूमीच्या घडणीवरून ठरवायची असेल, तर या दगडाचा हक्क कोणत्याही प्राण्या-पक्ष्याहून कमी नाही, आणि शासनाने त्याला ‘राज्य-खडक’ घोषित करावे.