उद्यानाचें दार आणि घरची शिदोरी



आजचा विषय प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. सुटीच्या दिवशीं मुलांबाळांना घेऊन आपण एखाद्या मोठ्या क्रीडोद्यानांत जावयास निघतों. घरांतील बाई पहाटे उठून डबा भरते: पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, वर लिंबाच्या लोणच्याची फोड. तिकिटें काढून दाराशीं यावें, तों रखवालदार पिशवी उघडून पाहतो आणि विनयानें सांगतो कीं, बाहेरचे पदार्थ आंत नेतां येणार नाहींत. ज्याला आपण जन्मभर घरचें अन्न म्हणत आलों, तें त्या उंबरठ्यावर एका क्षणांत ‘बाहेरचें’ ठरतें! अशाच एका दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसून, भर उन्हांत, आमच्या घरच्या मंडळींनीं एकदां सहा माणसांचा डबा संपविला आहे. त्या वेळीं माझ्या मनांत रागापेक्षां कुतूहलच अधिक होतें. तिकिटाचे पैसे घेणाऱ्याला आपल्या भुकेवर हा अधिकार आला कोठून? त्या प्रश्नाचा माग घेत गेल्यावर जें हातीं लागलें, तें आज आपल्यापुढें ठेवितों.

प्रथम लंडनला जाऊं. टेम्स नदीच्या दक्षिण तीरावर व्हॉक्सहॉल येथें एक विहारोद्यान होतें. १६६१ च्या सुमारास तें लोकांना खुलें झालें आणि १८५९ सालीं कायमचें बंद झालें. आरंभीं तेथें प्रवेशाला पैसे पडत नसत. सॅम्युअल पेपिस हा सरकारी अधिकारी १६६७ सालीं तेथें गेला होता. येथें मनुष्यानें हवें तितकें खर्चावें, अथवा कांहींच खर्चूं नये, दोन्ही सारखेंच, अशा अर्थाची नोंद त्यानें आपल्या रोजनिशींत केली आहे. ही सूट फार काळ टिकली नाहीं. १७२९ सालीं जोनाथन टायर्स नांवाच्या गृहस्थानें ही जागा भाड्यानें घेतली. त्यानें वाद्यवृंद ठेविले, झाडांवर हजारों दिवे लाविले, जेवणासाठीं सज्जे बांधून त्यांत चित्रें लाविलीं, आणि प्रवेशासाठीं एक शिलिंग ठरविला. हा दर १७९२ पर्यंत, म्हणजे दोन पिढ्यांहून अधिक काळ, तसाच राहिला.

संगीत, दिवे, चित्रें हें सर्व एका शिलिंगांत परवडत कसें असे? त्याचें उत्तर भटारखान्यांत होतें. आंत मिळणाऱ्या जेवणाच्या दरांची सबंध शहरांत चेष्टा होई. तेथील हॅम, म्हणजे डुकराच्या मांडीचें खारविलेलें मांस, इतकें पातळ कापीत कीं त्यांतून वर्तमानपत्र वाचतां येई, असें लोक म्हणत. एका मांडीच्या कापांनीं तेथील आचारी सबंध उद्यानाची जमीन झांकील, हीहि एक थट्टा होती. १७५५ सालीं ‘कॉनॉइसर’ या लंडनच्या साप्ताहिकानें एका व्यापाऱ्याचें व्यंगचित्र शब्दांत रेखाटलें. बायकोमुलींच्या आग्रहास्तव तो व्हॉक्सहॉलला येतो, आणि हॅमचा प्रत्येक घांस तोंडांत जातांना, हे दोन पेन्स गेले, हे तीन गेले, असा हिशेब मोठ्यानें करीत बसतो. लंडनकर वाचक त्याला हंसले. परंतु हिशेब चुकीचा होता असें त्यांपैकीं कोणींहि म्हटलें नाहीं.

आतां दुसरें चित्र पाहा. त्यापूर्वी पांच वर्षें, म्हणजे १७५० च्या जून महिन्यांत, इंग्लंडचे पंतप्रधान रॉबर्ट वॉल्पोल यांचा धाकटा मुलगा होरेस हा लेडी कॅरोलाइन पीटरशॅम हिच्या मंडळींबरोबर त्याच उद्यानांत गेला होता. त्या रात्रीची हकीकत त्यानें एका मित्राला पत्रानें कळविली आहे. लेडी कॅरोलाइननें आपल्याबरोबर बेटी नांवाची फळवालीच आणिली होती. तिच्याजवळ स्ट्रॉबेरी आणि चेरी यांच्या करंड्या भरलेल्या होत्या. सज्जांत बसून या मंडळींनीं सात कोंबड्यांचे बारीक तुकडे केले, चिनी मातीच्या भांड्यांत लोणी आणि पाणी घालून तें भांडें दिव्यावर ठेविलें, आणि बाईसाहेब स्वतः खदखदां हंसत तें ढवळीत बसल्या. मध्यरात्र उलटून गेली तरी बघ्यांची गर्दी हटेना. लंडनहून करंड्या भरून फळें आणावयाचीं, मालकाच्या सज्जांत स्वतःची चूल मांडावयाची, आणि वर लोकांनीं कौतुकानें पाहावयाचें! हिशेब करणारा व्यापारी मात्र चिक्कू ठरतो. शिदोरी ऐपत असणाऱ्यानें आणिली तर ती मौज होते, आणि काटकसर करणाऱ्यानें आणिली तर ती क्षुद्रता होते, हा भेद तेव्हांपासूनचा आहे.

येथून जर्मनींतील म्यूनिक शहरीं गेलों कीं सर्व गोष्ट उलटी होते. बव्हेरिया प्रांतांत १६ व्या शतकापासून २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळांत बिअर तयार करण्यास मनाई होती. उन्हाळ्यांत ती नीट आंबत नसे, आणि भट्ट्यांमुळें आगीचें भयहि असे. त्यामुळें वसंतांत केलेली बिअर उन्हाळाभर टिकविणें भाग पडे. कारखानदारांनीं जमिनीखालीं खोल तळघरें खणलीं, वर थंडावा राहावा म्हणून रेती पसरली आणि दाट सावलीचीं चेस्टनटचीं झाडें लाविलीं. त्या सावलींत बांकें टाकून ते तेथल्या तेथें बिअर विकूं लागले, आणि शहरांतले लोक तिकडे लोटले. गांवांतील खाणावळवाल्यांचें गिऱ्हाईक तुटलें. त्यांनीं राजाकडे तक्रार केली.

राजा पहिला मॅक्सिमिलियन योसेफ यानें ४ जानेवारी १८१२ रोजीं जो निवाडा दिला तो मोठा चतुर होता. जून ते सप्टेंबर या महिन्यांत कारखानदारांनीं आपल्या तळघरांवर बिअर खुशाल विकावी, सोबत पावहि द्यावा. परंतु इतर कोणतेंहि खाद्य त्यांनीं विकूं नये. म्हणजे येथें बंदी गिऱ्हाइकाच्या टोपलीवर आली नाहीं, ती मालकाच्या चुलीवर आली. लोक घरून मुळे, चीज आणि मांसाचे काप बांधून आणूं लागले. पुढें मालकांवरील तो निर्बंध गेला, पण लोकांची संवय गेली नाहीं. १९९५ च्या मे महिन्यांत, या बागा रात्रीं लवकर बंद कराव्या लागतील अशी वेळ आली, तेव्हां म्यूनिकच्या रस्त्यांवर सुमारें २०,००० लोक निषेधासाठीं उतरले. त्यानंतर १९९९ सालीं बव्हेरियाच्या सरकारनें या बागांसाठीं स्वतंत्र नियम केले. आपली शिदोरी आणून ती पैसे न देतां तेथें खातां येणें, हें अशा बागेचें लक्षणच होय, असें सरकारनें त्या वेळीं मान्य केलें. पेय मात्र मालकाकडूनच घ्यावयाचें. एकाची बिअर आणि दुसऱ्याचें जेवण, अशी ही वांटणी आहे.

तिसरी हकीकत चीनमधील शांघाय येथली. डिस्ने कंपनीचें तेथील उद्यान १६ जून २०१६ रोजीं उघडलें. पुढल्या वर्षीं बाहेरचें अन्न आणण्यास बंदी झाली, आणि दाराशीं पिशव्या तपासल्या जाऊं लागल्या. जानेवारी २०१९ मध्यें कायद्याचा अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी कांहीं बिस्किटें वगैरे घेऊन आली आणि अडविली गेली. खाऊची किंमत होती अवघी ४६ युआन. तिनें उद्यानावर दावा लाविला. त्याच कंपनीच्या अमेरिकेंतील व फ्रान्समधील उद्यानांत असा निर्बंध नसतांना येथेंच तो कां, असा प्रश्न वर्तमानपत्रांतून विचारला जाऊं लागला. आशियांतील आपल्या इतर उद्यानांत हाच नियम आहे, असें कंपनीचें म्हणणें होतें. सप्टेंबरमध्यें न्यायालयाच्या मध्यस्थीनें तडजोड झाली. विद्यार्थिनीला ५० युआन मिळाले, आणि उद्यानानें नियम बदलला: स्वतःपुरतें अन्न आणण्यास मोकळीक मिळाली, गरम करावे लागणारे, थंड ठेवावे लागणारे व उग्र वासाचे पदार्थ तेवढे वर्ज्य राहिले.

आपल्या देशांत हा वाद गाजला तो उद्यानांपेक्षां चित्रपटगृहांच्या निमित्तानें. मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें तो २०१८ सालीं आला होता. त्याच वर्षीं जम्मू-काश्मीरच्या उच्च न्यायालयानें प्रेक्षकांच्या बाजूनें निर्णय दिला. परंतु ३ जानेवारी २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. चित्रपटगृह ही मालकाची खासगी जागा आहे, तेव्हां बाहेरचें अन्न आणूं न देण्याची अट त्याला घालतां येते. सुनावणीच्या वेळीं न्यायमूर्तींनीं जिलेबीचें उदाहरण दिलें: कोणीं जिलेबी खाऊन चिकट बोटें खुर्चीला पुसलीं तर सफाईचा खर्च कोणीं सोसावा? मात्र त्याच निकालांत दोन गोष्टी मालकांच्या मर्जीवर सोडलेल्या नाहींत. पिण्याचें स्वच्छ पाणी सर्वांना फुकट मिळालें पाहिजे, आणि तान्ह्या मुलासाठीं आणलेलें अन्न आंत नेऊं दिलें पाहिजे.

मालकांची बाजू अगदींच पोकळ नाहीं. उष्ट्याखरकट्यानें मुंग्या, उंदीर आणि दुर्गंधी येते, हें आपल्या प्रत्येक जत्रेच्या दुसऱ्या दिवशीं दिसतें. प्रवेशाचा दर कमी ठेवून भटारखान्यांतून तूट भरून काढण्याची टायर्सची युक्तीहि अप्रामाणिक म्हणतां येणार नाहीं. परंतु तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं. चार मुलांच्या बापाला तो एकट्या तरुणाच्या अनेक पट पडतो, आणि पथ्याचें खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तर पैसे देऊनहि सोय मिळत नाहीं. आणि प्रवेशाचा दर चढूनहि बंदी कायम राहिली, म्हणजे टायर्सची सबब उरत नाहीं.

आपल्याकडे या बाबतींत दोन जुन्या रीती आहेत. जत्रेला जातांना शिदोरी बांधून न्यावयाची. कोणाच्या घरीं पाहुणे म्हणून गेलों तर यजमान वाढील तें जेवावयाचें. क्रीडोद्यानाचा मालक आपणांस पाहुणे म्हणवितो आणि जेवणाचा आंकडा मात्र हातीं देतो. तेव्हां त्याला यजमानाचा मान देतांना आपण अडखळतों. म्यूनिकच्या राजानें दोघांचा वांटा दोनशें वर्षांपूर्वी ठरवून दिला. आपल्याकडे पाणी आणि तान्ह्याचें दूध एवढ्यापुरती रेषा न्यायालयानें आंखली आहे. मुलांच्या डब्याचा आणि म्हाताऱ्यांच्या पथ्याचा निर्णय अजून दारावरच्या रखवालदाराकडे आहे, आणि त्याच्यापाशीं वाद घालून उपयोग नाहीं, कारण नियम त्यानें केलेला नाहीं. तिकीट काढण्यापूर्वी तो नियम विचारून घ्यावा, आणि जाचक वाटल्यास ज्यानें केला त्याला लेखी कळवावें, इतकें आपल्या हातीं आहे. शांघायच्या त्या मुलीनें ४६ युआनांच्या खाऊसाठीं याहून फार वेगळें कांहीं केलें नव्हतें.