शेतावर स्वतःचं वर्कशॉप उभारताय? जागा, वीज, हत्यारं आणि सुरक्षेची ही माहिती आधी वाचा

तालुका प्रतिनिधी :

मृगाचा पाऊस पडून वापसा आला की पेरणीला मोजकेच दिवस हातात असतात. नेमका तेव्हाच रोटाव्हेटरचा बोल्ट तुटतो, नाहीतर पेरणी यंत्राचा जोड निखळतो. काम असतं अर्ध्या तासाचं. पण तालुक्याला जायचं, वेल्डिंगवाल्याकडं नंबर लावायचा आणि परत यायचं, यात दिवस जातो आणि वापसा निघून जातो. गावोगावी ट्रॅक्टर वाढले, दुरुस्तीची सोय मात्र अजून तालुक्याच्या रोडलाच आहे. त्यामुळं बरेच शेतकरी शेतावर छोटं वर्कशॉप टाकायचा विचार करतात. त्यासाठी काय लागतं, आधी काय घ्यावं आणि कुठं जपावं, याची माहिती खाली दिली आहे.

जागा आणि शेड

जागा उंचवट्याची आणि गाडीवाटेला लागून असावी. कडब्याची गंजी, कापूस, भुसकट आणि डिझेलचे कॅन यांपासून शेड किमान ३५ ते ४० फूट लांब ठेवा. ग्राइंडर आणि वेल्डिंगच्या ठिणग्या वाटतात त्यापेक्षा फार लांब उडतात.

सुरुवातीला १५ बाय २० फुटांची बंद खोली आणि तिच्यापुढं तेवढीच पत्र्याची पडवी पुरते. बंद खोलीत हत्यारं आणि बाक, पडवीत ट्रॅक्टर. ट्रॅक्टरमागं रोटाव्हेटर जोडला की लांबी १५ फुटांच्या आसपास जाते, म्हणून पडवी २० फुटांपेक्षा कमी करू नका. टप असलेल्या ट्रॅक्टरसाठी पडवीची उंची १० फूट धरा.

काळ्या जमिनीत एक गोष्ट विसरू नका. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट कोबा केला तर दोन वर्षांत तडे जातात. दोन-अडीच फूट काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारून चांगला दाबा आणि मग ५ ते ६ इंच काँक्रीट टाका. उतार दाराकडं द्या.

वीज : इथं घाई नको

कृषिपंपाच्या जोडणीवर वेल्डिंग मशीन चालवू नका. पंपासाठी मंजूर झालेली वीज दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. आपल्या कामाला कोणती जोडणी बसते, हे महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारून रीतसर अर्ज करा.

वायरिंग करताना :

- लाईटला १.५, साध्या पॉवर प्लगला २.५ आणि वेल्डिंगच्या प्लगला किमान ४ चौरस मिमी तांब्याची वायर.
- वेल्डिंगला स्वतंत्र ३२ अँपिअरचा एमसीबी.
- ३० मिली अँपिअरचा आरसीसीबी. माणसाला शॉक बसला तर हाच लाईन तोडतो, एमसीबी नाही.
- शेडला स्वतंत्र अर्थिंग. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी टाकत राहा.

हत्यारं : तीन टप्प्यांत घ्या

सगळं एकदम घ्यायची गरज नाही.

पहिला टप्पा : ६-७ पासून ३०-३२ पर्यंतचा डी पान्यांचा सेट, तसाच रिंग पान्यांचा सेट, पाईप पाना, पक्कड, डिस्मिस, दोन हातोडे, छिन्नी, कानस, हॅक्सॉ, ग्रीस गन, हवेचा पंप, जॅक आणि मजबूत स्टँड. सोबत जाड लाकडाचा किंवा लोखंडी बाक आणि त्यावर ५ किंवा ६ इंची वाईस. वाईसचा वरचा भाग उभं राहिल्यावर आपल्या कोपराच्या उंचीला यावा, म्हणजे कानस मारताना कंबर दुखत नाही.

दुसरा टप्पा : ४ इंची ग्राइंडर, ड्रिल मशीन आणि २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन. हे सिंगल फेजवर चालतं आणि एका माणसाला उचलतं. १२ नंबरचा (२.५ मिमी) रॉड साधारण ६० ते ९० अँपिअरवर आणि १० नंबरचा (३.१५ मिमी) ९० ते १३० वर चालवा. पावसाळ्यात रॉड ओल धरतात, म्हणून झाकणाच्या डब्यात ठेवा.

तिसरा टप्पा : कॉम्प्रेसर, कटिंग मशीन, साखळी कप्पी. काम वाढलं तरच घ्या.

पार्टचा नंबर वाचायला शिका

दुकानात 'असलाच द्या' म्हणून हेलपाटे होतात. नंबर कळला की फोनवर पार्ट सांगता येतो.

- बेअरिंग : ६२०५ मधल्या शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणा. ५ गुणिले ५, म्हणजे शाफ्ट २५ मिमी. ६२०६ ला ३० मिमी. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्यापुढं असतील तर हा हिशेब लागतो.
- व्ही बेल्ट : बी-५६ म्हणजे बी जाडीचा, ५६ इंच लांबीचा.
- ऑइल सील : ३५-५२-७ म्हणजे शाफ्ट ३५, बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी ७ मिमी.
- बोल्ट : १३ चा पाना बहुतेक ८ मिमी बोल्टला, १७ चा १० मिमीला, १९ चा १२ मिमीला, २४ चा १६ मिमीला लागतो. डोक्यावर ८.८ लिहिलेला बोल्ट साध्या बोल्टपेक्षा कितीतरी कडक असतो.

पीटीओ शाफ्टच्या शिअर बोल्टच्या जागी मात्र कडक बोल्ट टाकू नका. तो तुटण्यासाठीच असतो. तो तुटला नाही तर गिअरबॉक्स जातो.

आपल्या प्रत्येक यंत्राच्या बेअरिंग, बेल्ट आणि सीलचे नंबर वहीत लिहा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा. रोटाव्हेटरची पाती, त्यांचे बोल्ट, शिअर बोल्ट, पिना, फॅन बेल्ट आणि डिझेल फिल्टर शेडमध्ये कायम शिल्लक असू द्या.

जीव सांभाळा

- नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली किंवा ट्रॉलीखाली जाऊ नका. स्टँड लावा, चाकांना दगड लावा. हायड्रॉलिकवर उचललेल्या अवजाराखालीही लाकडी ठोकळे हवेतच.
- डिझेलची टाकी, ऑइलचा बॅरल किंवा औषधाचा डबा कधीही वेल्ड करू नका. रिकामा दिसला तरी आत वाफ असते आणि स्फोट होतो.
- जस्ताच्या पाईपवर वेल्डिंग केल्यास निघणाऱ्या पांढऱ्या धुरानं थंडी-ताप येतो. जोडाजवळचं जस्त घासून काढा आणि काम उघड्यावर करा.
- ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची वायर काढा. अर्थचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन बेअरिंग खराब होते.
- ग्राइंडरचं गार्ड काढू नका. डिस्कवर लिहिलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नसावा.
- वेल्डिंगला १० किंवा ११ नंबरची काच, चामडी हातमोजे आणि सुती कपडे वापरा. नायलॉन अंगाला चिकटतं. लहान मुलं दारातून बघत बसतात, त्यांना लांब ठेवा.
- काम संपल्यावर अर्धा तास लक्ष ठेवा. वाळूच्या दोन बादल्या आणि एबीसी पावडरचं अग्निशामक दाराजवळ ठेवा.

काय घरी करू नये

डिझेल पंप, नोझल, हायड्रॉलिक पंप आणि इंजिनाचं आतलं काम जाणत्या मेकॅनिककडंच द्या. स्टिअरिंगचे रॉड आणि ट्रॉलीचा हुक यांवर शिकाऊ हातानं वेल्डिंग करू नका. तो जोड रस्त्यात सुटला तर दुसऱ्याचा जीव जातो. घरातल्या पोराला आवड असेल तर आयटीआयमध्ये वेल्डर आणि मेकॅनिक ट्रॅक्टर हे एक-एक वर्षाचे ट्रेड आहेत.

एकट्याला खर्च झेपत नसेल तर भावकीतल्या किंवा शेजारच्या तीन-चार शेतकऱ्यांनी मिळून शेड करावं. हत्यारांची यादी भिंतीवर लावावी आणि नेणाऱ्यानं वहीत सही करावी, म्हणजे पान्यावरून भांडण होत नाही. शेडचं काम आणि अवजारांची तपासणी मे महिन्यात उरकून घ्या. पाऊस पडल्यावर कोबाही वाळत नाही आणि मेकॅनिकही सापडत नाही.