देन-एन-चोफू

टोकियोच्या नैर्ऋत्येस, तामा नदीजवळच्या उंचवट्यावर वसलेले नियोजित उद्यान-उपनगर. याचा बहुतेक भाग ओता प्रभागात येतो. उद्योगपती एइइची शिबुसावा यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये ‘देन-एन तोशी’, म्हणजे उद्याननगर, या नावाची कंपनी निघाली आणि तिने शेतजमिनी विकत घेऊन वसाहती आखल्या. उद्याननगराची मूळ कल्पना मांडणाऱ्या एबेनेझर हॉवर्ड यांच्या आराखड्यात घरांबरोबर कारखाने आणि शेतीही अभिप्रेत होती. इथे कारखान्यांना जागा नव्हती. रहिवाशाने सकाळी शहरात कामाला जावे व संध्याकाळी झाडांत परतावे, एवढीच कल्पना होती. त्यामुळे रेल्वेवाचून ही वसाहत उभीच राहिली नसती.

कंपनीला मात्र रेल्वेचा अनुभव नव्हता. ओसाका परिसरात १९१० पासून लोहमार्ग आणि हप्त्यांवरची घरे यांची सांगड घालणाऱ्या इचिझो कोबायाशी यांच्या शिफारशीवरून केइता गोतो यांना बोलावण्यात आले. १९२२ मध्ये मेगुरो-कामाता विद्युत रेल्वे ही वेगळी कंपनी झाली. मार्च १९२३ मध्ये मेगुरोहून गाडी सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये भूखंडांची विक्री. लगेच १ सप्टेंबरला कान्तोचा महाभूकंप झाला. शहराचा दाट वस्तीचा भाग जळून खाक झाला, तर या बाजूची हानी त्या मानाने किरकोळ होती. मध्यमवर्ग उपनगरांकडे वळला तो या धास्तीने. जाहिरातींना एवढे यश आले नसते. जमिनी खपवण्यासाठी काढलेली रेल्वेच पुढे मोठी झाली आणि १९२८ मध्ये तिने मूळ कंपनी आपल्यात विलीन करून घेतली. आजचा तोक्यू समूह हा तिचाच विस्तार.

आराखड्याचे खरे सौंदर्य स्थानकाच्या पश्चिमेस आहे. स्थानकापासून रस्ते किरणांसारखे फुटतात व त्यांना अर्धवर्तुळाकार रस्ते छेदतात. एइइची यांचे पुत्र हिदेओ यांनी १९१९ मध्ये युरोप-अमेरिकेचा दौरा केला होता. सॅन फ्रान्सिस्कोतील सेंट फ्रान्सिस वुड या वसाहतीची छाप या रचनेवर आहे. भूखंड घेणाऱ्यांवर अटी होत्या : घर तीन मजल्यांच्या आत, बांधकाम निम्म्याहून कमी जागेवर, कुंपण बुटके आणि देखणे. उतरत्या छपराची मूळ स्थानक-इमारत रूळ भूमिगत करताना १९९० मध्ये उतरवली होती. २००० मध्ये ती पुन्हा उभारली गेली.

१९२६ पासूनची रहिवासी संघटना हिरव्या कुंपणांचा आग्रह अजून धरते. वारसा कराच्या भाराने मोठ्या भूखंडांचे तुकडे पडतात, ही तिची सर्वांत कठीण अडचण आहे.