सकाळच्या शिंकांचे मूळ गादीत

अंथरुणातून उठताच लागोपाठ शिंका, नाकातून पाण्यासारखा स्राव, डोळ्यांना खाज आणि रात्री कोरडा खोकला. ताप मात्र नाही. ही लक्षणे आठवडेच्या आठवडे टिकल्यास ती साधी सर्दी नसून धुळीतील ‘माइट’ची ॲलर्जी असू शकते.

माइट हा कोळ्याच्या वर्गातील आठ पायांचा जीव. त्याची लांबी जेमतेम ०.३ मिलिमीटर असते. गाद्या, उशा, सोफे व पडदे ही त्याची वसतिस्थाने, तर माणसाच्या त्वचेचे गळालेले कण हे त्याचे अन्न. तो चावत नाही. त्याच्या विष्ठेतील प्रथिने श्वासावाटे शरीरात गेल्याने त्रास होतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९६४ मध्ये माइट व धुळीची ॲलर्जी यांतील संबंध दाखवून दिला. माइट पाणी पीत नाही, हवेतील ओलावा शोषतो. साहजिकच मुंबई व कोकणातील दमट हवा त्याला मानवते.

निदानासाठी त्वचेवरील ‘प्रिक टेस्ट’ किंवा रक्ततपासणी केली जाते.

प्रतिबंधाचे उपाय

* चादरी व अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुवावेत.
* गादी व उशीला घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घालावी.
* गाद्यांना कडक ऊन दाखवून त्या घराबाहेर झटकाव्यात.
* झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. हे काम रुग्णाने करू नये.
* शयनगृहात गालिचा व कापडी खेळणी ठेवू नयेत.

धाप लागत असल्यास किंवा छातीत घरघर होत असल्यास तो दमा असू शकतो. अशा वेळी घरगुती उपायांवर विसंबून न राहता तातडीने डॉक्टरांकडे जावे.